अण्णांचं खोबरेल

नाशिक, ११ मे २००३, रविवार

आज पुन्हा गाडीचा डॅशबोर्ड साबणाच्या पाण्याने पुसला. फडकं काळंकुट्ट झालं, चिकटपणा तसाच. देवळाली कॅम्पातला सीटकव्हरवाला परवा म्हणाला, "साहेब, खोबरेल लावता काय? त्यानंच वाट लागली."

आता हे वडिलांना कोण सांगणार? मीच. पण कसं? गाडी घेतल्यापासून अण्णा दर रविवारी तेल लावतात. डोळ्यांमुळे चालवणं सुटलं, आता तेवढंच उरलंय.

संध्याकाळी बाटली घेऊन आलेच.

"अण्णा, आज राहू द्या."

"अरे, उन्हानं तडकेल ना!"

मी गाडीचं दार उघडून दिलं. चोळून चोळून त्यांचे तळवे काळे झाले. ते माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ, केवढा मळ निघाला! तू नीट पुसतच नाहीस."