नानांचा 'प्रीपोन' आणि ताईची साक्ष

तीर्थरूप मालनताईस,

मुलुंडहून नंदूचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा मनातल्या मनात). भाऊजींची नवी कवळी बसली का? दापोलीत यंदा आंबा कसा आहे? इथे तुझी भावजय प्रेमा बरी आहे, माझी मात्र पुरती वाट लागली आहे.

त्याचं असं झालं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कुणीतरी म्हणालं, की 'प्रीपोन' हे क्रियापद इंग्रजाचं नव्हेच. 'पोस्टपोन'चं लॅटिन डोकं उडवून तिथे 'प्री' हे दुसरं लॅटिन डोकं आपल्याच माणसाने बसवलं (गणपतीला बसवलं तसं). मला राहवेना. उठून सांगितलं, तो माणूस म्हणजे आमचे वडील, नाना! तुझं लग्न वैशाखातून माघात आणलं, तेव्हा नानांनी ऑफिसात अर्ज दिला, की लग्न प्रीपोन झालंय, तरी रजाही प्रीपोन करावी. साहेबाने अर्थ विचारून घेतला आणि लगेच स्वतःच्या मीटिंगा प्रीपोन करू लागला. काय टाळ्या पडल्या, ताई! जन्मभर हेडक्लार्क राहिलेल्या नानांच्या नावाने टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

तेवढ्यात मूळचे घाटकोपरचे सहदेव पाटकर उठले (हे गृहस्थ कीर्तनातही हरकत घेतात). म्हणाले, "काय पण सांगता राव! हा शब्द माझ्या सासूबाईंचा. शाळेत परीक्षा प्रीपोन करायच्या त्या!" झालं, संघात दोन तट पडले. चहाचं काम पाटकरांकडे असल्याने आमच्या तटाला तेव्हापासून बिनसाखरेचा येतो. शेवटी अध्यक्षांनी जिवंत साक्षीदार मागितला. त्या सासूबाई कधीच गेल्या, नानांचा अर्ज बंद पडलेल्या ऑफिसबरोबर गेला. उरलीस तू. नानांचं नाव आता तुझ्या हातात आहे. एसटीने ये, चेकनाक्यावर न्यायला येतो.

तुझा,
नंदू

ता. क. लग्न अलीकडे का आणलं, ते साक्षीत सांगू नकोस. (भाऊजींनी तुझं गाणं ऐकायच्या आत उरकावं, असं नानांचं मत होतं.)

ता. क. २. नात सईने आत्ताच फोनवर दाखवलं, की हा शब्द शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात छापून आला होता. तेव्हा नाना जन्मलेही नव्हते. (त्या सासूबाईही नव्हत्या, एवढंच समाधान.) फार वाईट वाटलं गं. साक्षीची सभा श्रावणात होती, ती मी पाटकरांना या छापील पुराव्याचा पत्ता लागायच्या आत, या रविवारीच प्रीपोन करून घेतली आहे.

ता. क. ३. खरं सांगू? सभा गेली खड्ड्यात. कितीतरी वर्षं तू 'बघू, दिवाळीनंतर' म्हणतेस. नाना कसे हसायचे, हे आठवणारं तुझ्याशिवाय मला आता कोण उरलंय? तू ये.