प्रतापरावांची पगडी

छावणी, इंदूर
७ नोव्हेंबर १९५४

ती. स्व. श्रीपाददादास,
इंदूचा शि. सा. न. वि. वि.

तू भाऊबीजेला आला नाहीस, त्याचा राग अजून गेलेला नाही. तुझ्या वाटच्या करंज्या शेजारच्या मंडळींनी खाल्ल्या. बरं झालं.

दरवर्षीप्रमाणे सरकारी कचेरी हिवाळ्यासाठी ग्वाल्हेरला गेली आणि फायलींच्या पेट्यांबरोबर हेही गेले. आता एप्रिलपर्यंत घरात मी, मामंजी आणि आमचे सहा महिन्यांचे प्रतापराव. मामंजी नातवाला अहो-जाहोच करतात. रिसालदारी संपली तरी ऐट कुठे जाते! प्रतापचं डोकं मोठं आहे, म्हणून येईल त्याला ‘सिर बड़ा सरदार का’ ऐकवतात. दिवाळीला राजवाड्याजवळच्या कृष्णराव पगडबंदांकडून त्याच्या मापाची होळकरी पगडी करून आणली. एवढंसं तोंड आणि वर लाल पगडी, बघून सगळी गल्ली हसली.

मी मात्र हसले नाही. त्याला न्हाऊ घालायला जनाबाई येते, ती रोज टाळू भरते. गेले पंधरा दिवस तेल टाळूत ठरतच नाही. टाळू फुगून वर आली आहे आणि तेल ओघळून कानामागे जातं. जनाबाई न्हाणीघरात हळूच म्हणाली की माझ्या हाताखालून पन्नास लेकरं गेली, पण अशी टाळू बघितली नाही, मामंजींना मात्र मी सांगितलं असं म्हणू नका. त्याचे डोळेही खाली ओढल्यासारखे दिसतात, बुबुळांवर पांढरं उघडं पडतं. मान धरू लागला होता, ती पुन्हा टाकतो.

दादा, तू डोक्याची ऑपरेशनं होतात त्या थिएटरात उपकरणं सांभाळतोस. तुझ्या सर्जनसाहेबांना सहज म्हणून विचार. मला फार भीती वाटते.

धाकटीवर आहे तेवढी माया राहू दे.
तुझी इंदू

मुंबई
१३ नोव्हेंबर १९५४

चि. सौ. इंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी साहेबांना जसंच्या तसं वाचून दाखवलं, फक्त करंज्या वगळल्या. आधी ऐक, मग घाबर. मेंदूच्या आत पोकळ्या असतात. तिथे रोज पाणी तयार होतं आणि रोज वाहून जातं. जाण्याची वाट अडली की पाणी साठतं, आणि लहान मुलांची हाडं जुळलेली नसल्यामुळे डोकं वाढत जातं. प्रतापचं तेच असावं असं साहेबांना वाटतं.

त्यावर आमच्याकडे एक नवं साधन आहे. साहेबांनी विलायतेहून येताना पेन्सिलीएवढी एक नळी आणली आहे. तिच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. ती टाळूच्या कडेने आत सोडायची, बाहेरच्या टोकाला डोळा लावायचा, की मेंदूच्या आतलं दिसतं. जिथून पाणी पाझरतं ती जाळी शोधून विजेने डागायची, म्हणजे पाणी कमी होतं. डोकं मोठं उघडावं लागत नाही. ती नळी धुणं, दिवा तपासणं, तारा जोडणं हे सगळं माझ्याकडे आहे. मी रोज हाताळतो, म्हणून सांगतो, साधन चांगलं आहे. इथून मुलं बरी होऊन घरी गेलेली मी पाहिली आहेत.

तू एवढंच कर. दर रविवारी भुवयांवरून डोक्याभोवती दोरा गुंडाळून तो मोजायचा आणि मला कळवायचं. आठवड्याला पाव इंच वाढ दिसली, तर कुणाला न विचारता गाडीत बस. वाढ थांबली असेल, तर साहेब वाट पाहायला तयार आहेत.

तुझ्या मामंजींना, अप्पासाहेबांना, रामराम. जेवत जा. तुझ्या उपासांनी त्याची टाळू बसणार नाही.

आशीर्वाद आहेतच, पत्राची वाट पाहतो.
श्रीपाद

इंदूर
६ डिसेंबर १९५४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दोऱ्याने एकदाच मोजलं, साडेअठरा इंच भरलं. मामंजींनी ते पाहिलं आणि फार रागावले. जिवंत लेकराला दोऱ्याने मोजत नाहीत, मोजमाप मुर्द्याचं घेतात म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी दोरा ठेवून दिला. मग त्यांनीच तोड काढली. दिवाळीची पगडी त्याच्या मापाची आहे, दर रविवारी ती घालून बघायची. घट्ट झाली तर डोकं वाढलं, बसली तर नाही. मला पटलं.

तीन रविवार झाले, पगडी बरोबर बसते. जनाबाई मान हलवते, पण तिचं काय, तिला सगळ्यातच वाईट दिसतं. मला तरी रात्री आता झोप लागते. ह्यांना ग्वाल्हेरला लिहिलं की काळजी नाही. तुझ्या साहेबांनाही सांग.

दोघांवर लोभ राहू दे, माझ्यावर आणि तुझ्या भाच्यावर.
इंदू

इंदूर
२ जानेवारी १९५५

रा. रा. श्रीपादराव यांस,
अप्पासाहेब जगदाळे यांचा रामराम वि. वि.

आपले गेल्या आठवड्याचे पत्र सूनबाईंनी मोठ्याने वाचून दाखविले. पगडी बसते आहे तोवर घाई नको, असे साहेब म्हणाल्याचे त्यात होते. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. म्हणून हे पत्र सूनबाईंना न कळविता लिहितो.

पगडी बसते, कारण दर शनिवारी मी ती कृष्णरावांकडे नेतो. आतल्या अस्तराचा एक पदर ते काढून देतात. पहिल्या रविवारी पगडी अडली होती. सूनबाई चुलीपाशी होत्या. मी ती तेवढ्यात काढून ठेवली आणि उद्या बघू म्हणालो. सोमवारी पगडी ढिली करून आणली आणि त्यांच्यासमोर घातली. त्या हसल्या. महिनाभरात पहिल्यांदा हसल्या. मग पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो.

मी घोड्यावरून गोळीत गेलेला माणूस आहे. भीती काय ते या वयात समजले. लेकराच्या टाळूतून नळी घालणार, हे ऐकले तेव्हा. वंश बुडेल अशी ती भीती नव्हे हो, मला तो पोर आवडतो. मला पाहून तो हसायचा. आता माझ्याकडे बघत नाही, आवाज केला तरच तोंड इकडे वळवतो.

काल कृष्णरावांनी हात जोडले. आत काढायला आता काही उरले नाही, म्हणाले.

आपण तार करून सूनबाईंना बोलावून घ्या. कारण काहीही लिहा. मी त्यांना सांगू शकत नाही. मुलाला, दौलतरावांना, तर नाहीच नाही. तिकिटाची आणि सोबतीची तजवीज मी करतो.

माझा दोष पोटात घालून आपुलकी ठेवावी, एवढीच याचना.
अप्पासाहेब

मुंबई
१४ जानेवारी १९५५

ती. स्व. अप्पासाहेबांस,
श्रीपादचा सा. न. वि. वि.

इंदू आणि प्रताप खंडव्याला गाडी बदलून मंगळवारी सुखरूप पोचली. डोकं एकवीस इंच भरलं. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन केलं.

मी नळीपाशी उभा होतो. मध्येच आतला दिवा विझला. साहेबांनी नळी बाहेर काढून दिली. नवा बसवायला मला दोन मिनिटं लागली, तोवर ते जागचे न हलता तसेच थांबले. माझा भाचा आहे हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही. काम झालं. सकाळी टाळू खाली बसली आहे आणि प्रताप दूध प्यायला. जिवाला धोका टळला, असं साहेब आज म्हणाले.

डोळ्यांबद्दल मी त्यांना दोनदा विचारलं. थोडे दिवस जाऊ द्या म्हणाले. थोडं लवकर आला असता तर, असंही म्हणाले. इंदूला मी यातलं काही सांगितलेलं नाही. आपण लिहिलेलंही नाही. मलाही आपल्याला बोल लावण्याचा अधिकार नाही. पगडीच्या मापावर विश्वास मीच ठेवला. या धंद्यात राहून ठेवला.

कृपा असू द्यावी.
श्रीपाद

इंदूर
२० मार्च १९५५

ती. स्व. दादास,
इंदूचा शि. सा. न. वि. वि.

आम्हाला येऊन महिना झाला. डोकं वाढत नाही. हो, दोऱ्यानेच मोजते, मामंजी धरून बसतात. मान सावरली आहे, परवा उशीला टेकून बसला. जनाबाईने टाळू भरली आणि तेल ठरलं, तशी ती रडली.

पण त्याला दिसत नाही. कंदील तोंडासमोरून नेला तरी डोळे हलत नाहीत. इथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तू मला स्टेशनवर सांगायचा प्रयत्न करत होतास, ते आता कळतं.

आल्यावर तिसऱ्या दिवशी मामंजींनी मला पगडीचं सांगितलं. उभे राहून सांगितलं, पलटणीत साहेबापुढे उभे राहतात तसे. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही, ताट वाढायचं आणि उठायचं. त्यांचा फार राग आला, दादा, अजून येतो.

आणि तुझाही. तुमच्या वॉर्डातल्या शारदा सिस्टरनी निघताना मला सांगितलं की प्रताप नशिबाचा, त्या नळीने आजवर नऊ मुलांची ऑपरेशनं झाली, त्यातली चारच घरी गेली. ‘मुलं बरी होऊन घरी गेलेली मी पाहिली आहेत’, एवढंच तू लिहिलंस. पाच तूच पाहिली असशील ना? ते लिहिलं असतंस तर मी पोराला उराशी धरून इथेच बसले असते आणि तो आज नसता. त्यांनी लपवलं, त्यात त्याचे डोळे गेले. तू लपवलंस, त्यात जीव राहिला. तुम्हा दोघांचं कारण एकच होतं. मी एकाला शिव्या आणि दुसऱ्याला नमस्कार कसा करू, तूच सांग.

काल ह्यांचं ग्वाल्हेरहून पत्र आलं. एवढा उशीर कसा झाला, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का, असं सरळ विचारलं आहे. मामंजी ते पत्र हातात घेऊन दुपारभर बसले होते. संध्याकाळी म्हणाले की मी खरं काय ते लिहितो, मुलाने घराबाहेर काढलं तरी चालेल. तेव्हा प्रताप त्यांच्या मांडीवर होता. त्यांच्या खोकल्याच्या आवाजाकडे तोंड करून हसत होता. आता तो दुसऱ्या कुणाकडे असं वळत नाही.

मी त्यांच्या हातून पत्र घेतलं आणि उत्तर मीच लिहिलं. आजार पहिल्यापासूनच डोळ्यांत उतरला होता, डॉक्टर म्हणाले लवकर येऊनही उपयोग नव्हता, असं लिहिलं. आज सकाळी टपालात टाकलं.

हे एप्रिलमध्ये आले की तुला विचारतील. तूही हेच सांग.

आहे तशीच मला आपली म्हण.
इंदू