आईनं वाचून दाखवलेला अंक

आई, परवा वर्गात एका मुलीनं तिच्या मासिकाचा कच्चा अंक माझ्यासमोर ठेवला. मासिक कसं आखायचं, हा विषय मी आता कोल्हापुरात शिकवते, म्हणजे जो मला स्वतःला एकेकाळी धड जमत नव्हता तोच. मुखपृष्ठ झकास, मथळे देखणे, आणि आत पानोपानी एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा चिकटवलेला. "मॅडम, मजकूर नंतर येणार आहे," ती म्हणाली. मी चांगलीच फैलावर घेणार होते, पण तू आठवलीस आणि ते राहूनच गेलं. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, की आता घरात तुझा विषयसुद्धा सणासुदीलाच निघतो. म्हणून लिहिते आहे.

आम्हाला कॉलेजात शेवटच्या वर्षी एक मासिक तयार करायचं होतं. आधी वाचक ठरवायचा, त्याला काय हवं ते जाऊन विचारायचं, मग अंक आखायचा. वर्गातल्या बाकीच्यांनी फॅशन, मोटारसायकली आणि मिसळ आपापसात वाटून घेतली. मी म्हटलं, आपण खेड्यातल्या बायकांसाठी काढू. सरांना असलं काही आवडतं हे मला पक्कं ठाऊक होतं. शनिवारी एसटीनं कागलला उतरून आपल्या गावात शिरले ती छापील प्रश्नांचा गठ्ठा घेऊनच. संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्या बायकांना मी एकेक प्रश्न विचारते आहे आणि त्या सगळ्या 'रेसिपी' म्हणताहेत, कारण शिकणाऱ्या पोरीला हेच उत्तर पाहिजे असणार हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आन् जागा उरली तर रांगोळी घाल." शेवटी तुला विचारलं, तुला काय वाचायला आवडेल? तू किटलीचं झाकण दाबत म्हणालीस, "तुला जे लिवायला सोपं पडंल ते लिव. मला समदं चालतंय." मला राग आला होता. माझ्या एवढ्या मोठ्या संशोधनात तू काडीची भर घालत नव्हतीस.

मग कच्चा अंक झाला. सरांना आधी नुसती मांडणी बघायची होती, फोटो कुठं, मथळा केवढा, रकाने किती. मजकुराच्या जागी मी पावसाळ्यात म्हशीची निगा कशी राखावी यावरचा एक परिच्छेद उचलला आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तोच भरला. 'मुलीचं बारावीनंतर काय?' याच्याखाली म्हैस. 'सांधेदुखीवर घरगुती उपाय' याच्याखालीही म्हैस. शहरातल्या दुकानातून रंगीत छापून घेतला, सुट्टीला येताना सोबत आणला, कौतुकानं तुझ्या हातात दिला आणि जेवून आडवी झाले. तू तो वाचशील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वाचक ठरवून झाला होता, आता त्याचं काय काम?

जाग आली तेव्हा सोप्यात शेंगा फोडायला बायका जमल्या होत्या, आणि भिंतीला टेकून तू अंक मोठ्यानं वाचत होतीस. आता म्हैस निघणार, म्हणून मी दाराआडच थांबले. गल्लीत कुणाची नोटीस येऊ दे नाहीतर लग्नपत्रिका, वाचायला ती तुझ्याकडंच यायची, त्यामुळं सवयीनं सगळ्या शांत बसून ऐकत होत्या. पण म्हशीचं नाव काही निघेना. पान उघडं होतं ते 'आजऱ्याच्या काजू कारखान्यातल्या बायका' या मथळ्याचं, आणि तुझी भाषासुद्धा छापल्यासारखी झाली होती. "एक बाई होती," तू वाचतेस. "सासर सोडून ती मुलीला घेऊन आजऱ्याला माहेरी आली आणि काजू फोडायच्या कामाला लागली. टरफलातल्या तेलानं तिचे हात काळे पडले." ओळीमागून ओळ नजर फिरते आहे, बोट सरकतं आहे. दाराआड उभी राहून मी म्हणते आहे, काय बेमालूम रचते आहे ही. मग तू वाचलंस, "एकदा मुलीनं त्या टरफलांत हात घातला आणि तिचं बोट पोळलं. बाईनं त्याला खोबरेल लावलं आणि मग स्वतःच रडत बसली."

माझ्या डाव्या हाताच्या बोटावर डाग आहे. तो चुलीतल्या निखाऱ्याचा, असं मला लहानपणापासून सांगितलेलं. मी पहिलीत जायच्या आधी आपण दोघी आजऱ्याला बरेच दिवस राहिलो होतो, तेही मला माहीत होतं, पण ते आजी आजारी म्हणून. म्हशीच्या त्या परिच्छेदावर बोट ठेवून तू स्वतःचं आयुष्य वाचत होतीस, आणि बायकांना वाटत होतं की ते मी लिहिलं आहे. काकूंनी विचारलं, "घर का सोडलं म्हणं तिनं?" तू म्हणालीस, "ते छापल्यालं न्हाय." "मग परत गेली का न्हाय?" "गेली." "का गं?" तू पान उलटलंस आणि सांधेदुखीवर निर्गुडीचा पाला कसा बांधायचा ते वाचायला लागलीस.

बायका गेल्यावर तू भाकरी थापायला बसलीस आणि मी तुझ्या समोर. "पानापानावर त्येच म्हशीचं घातलंयस," तू म्हणालीस. "बायकास्नी काय कळत न्हाय व्हय?" मी म्हटलं, आई, तो नमुना आहे, मजकूर नंतर भरायचा असतो. "मग नंतरच आणायचा की घरात. हातातल्या शेंगा ठिवून ऐकत बसल्या त्या. कुणी काय वाचून दावतंय का म्हणून वाट बघत असत्यात." तुझा आवाज चढला नव्हता, त्यामुळं मला जास्तच लागलं. थोड्या वेळानं धीर करून विचारलं, "ती बाई परत का आली?" तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "सरास्नी सांगायला इचारतीस का तुझं तू इचारतीस?" "माझं मी." भाकरी फुगली, तू ती काढून टोपल्यात टाकलीस, दुसरी थापायला घेतलीस. आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "लिवायचं असलं तर लिव. नाव घालू नको. तिला तिचं दार आठवलं, तिचा गोठा आठवला, असलं काय तरी लिव. पोरीसाठी परत आली, असं मातूर लिवू नको. ती पोरगी मोठी झाल्यावर वाचंल."

मी लिहिलं. अंकातल्या बाकीच्या पानांतही मजकूर भरला, पण जीव ओतला तो त्या एका लेखात. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाले, सगळं उत्तम आहे, फक्त गोठा आठवला म्हणून बाई परत येते हे पटत नाही. मी म्हटलं, सर, तसंच घडलंय. छापलेला अंक तू पुन्हा सोप्यात बसून वाचलास, या खेपेला खरोखर अक्षरं बघून, आणि काकू तोंडावर म्हणाल्या की मागच्या वेळी जास्त चांगलं हुतं. तू हसलीस. मला म्हणालीस, "बरं जमलंय," आणि अंक कपाटात साड्यांवर ठेवून दिलास. त्या दिवसानंतर आपण दोघींनी आजऱ्याचा विषय कधी काढला नाही.

बाबा अजून आहेत. थकलेत, आता माझ्याकडंच असतात, चहात साखर कमी पडली तर नुसतं बघतात, बोलत नाहीत. तू घर का सोडलंस, हे मी त्यांना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. कधीकधी त्यांना वाढताना हात आखडतो, मग माझी मलाच लाज वाटते आणि मी एक भाकरी जास्त वाढते. त्या विद्यार्थिनीला मात्र मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की आधी सगळी पानं भर, मग कुणालाही दाखव. तिला ते मांडणीबद्दलच वाटलं असेल.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला कळतं. लिहून झालं की तसंच पडून राहील. एकच सांगायचं राहिलं आहे. तू सांगितलेलं कारण मी शब्दाला शब्द छापलं, सरांशी त्यावरून वाद घातला, पण माझा स्वतःचा त्यावर एक दिवसही विश्वास बसला नाही. तू माझ्यासाठीच परत आलीस. त्यापायी तुझं काय काय गेलं असेल, याचं मला वाईट वाटायला हवं, आणि ते वाटतंही. पण आई, खरं सांगते, तू आलीस याचं सुख मला त्याहून जास्त वाटत आलंय.