ओघळ पुसायचा नाही

नेपरव्हिल, अमेरिका, १२ जानेवारी २०२५

चि. रवींद्र यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझा हात थरथरतो म्हणून मी सांगतोय आणि गिरिजा लिहितेय. लेकीचं अक्षर पाट्या रंगवणाऱ्याच्या घराण्याला शोभत नाही, हेही तिने डोळे वटारून लिहिलंय.

तिने मला इथल्या लायब्ररीत जलरंगांच्या वर्गाला नेलं. शिकवणाऱ्या मार्जरीबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी कागद आधी चिंब भिजवला, पेन्सिलीची एक रेघ मारली नाही, आणि निळ्याने भरलेला ब्रश नुसता टेकवला. रवी, रंग आपल्या पायांनी चालायला लागला रे! त्यात तांबड्याचा एक थेंब पडला आणि कागदभर संध्याकाळ झाली. चाळीस वर्षं मी रंगाला रेषेत कोंडलं. तो मोकळा कसा जातो, ते आत्ता पाहिलं.

मग एक ओघळ सुटला. सवयच आपली, माझा रुमाल तिथे पोचलाही. गिरिजा लाजून लाल. बाईंनी तो पुसलेला पांढरा पट्टा निरखला, त्याच्या कडेने गर्द जांभळा सोडला, आणि बर्फाचं छप्पर उभं राहिलं! तोंडात बोट घालायचं तेवढं राहिलं. त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. मी हात खिशात घातले.

सौ. रत्नाला आशीर्वाद. माया आहेच, पत्र धाडत जा.
तुझा विष्णूदादा

मिरज, ३० जानेवारी २०२५

ती. दादांस सा. न. वि. वि.

पत्र रत्नाला दोनदा वाचून दाखवलं. त्या बाईंना आपल्या पाट्यांच्या दुकानात मात्र आणू नका. दवाखान्याची पाटी अशी ओघळली तर पेशंट दारातूनच पळतील.

पण खिशातले हात वाचून घास उतरला नाही. जाताना तुम्ही म्हणाला होतात, हात सुधारला नाही तर ब्रशांचा डबा शेजारच्या संग्राम पेंटरला दे. तो परवा विचारून गेला. देऊ का? काय ते तुमच्या हाताने लिहा, गिरिजाच्या नको.

वहिनींच्या माघारी तुम्हाला रागावणारा मी एकटाच उरलोय, तेव्हा राग मानू नये.
आपला रवींद्र

नेपरव्हिल, १८ फेब्रुवारी २०२५

चि. रवींद्र यास आशीर्वाद.

ओळी घसरल्यात, अक्षरं नाचतायत. चष्मा पुसत बसू नकोस.

परत वर्गाला गेलो. या वेळी डोळ्यांआधी कानांना कळलं. मार्जरीबाई ब्रश बुडवताना काचेच्या भांड्याच्या काठावर टिकटिक वाजत होतं. त्यांचाही हात थरथरतो, रे! गिरिजाकरवी विचारलं, तर हसून म्हणाल्या की दहा वर्षं झाली, ओल्या कागदाला तेवढा धक्का बरा असतो.

मी खिशातून हात काढला आणि ब्रश घेतला. थेंब कुठेही उडाले आणि उडाले तिथे उमलले. माझ्या हातून असं काही होईल, हे मला या वयापर्यंत ठाऊक नव्हतं. चित्र सोबत पाठवतोय. त्यात एक ओघळ आहे, तो मी पुसलेला नाही.

संग्रामला चहा पाज आणि तसाच परत पाठव. ब्रशांच्या केसांना गोडंतेल लावून ठेव, वाळून कडक व्हायला नकोत. एप्रिलात येतोय.

तुझा
विष्णूदादा