ताईच्या दवाखान्याचा नंबर

३ मार्च
ताईच्या जनावरांच्या दवाखान्याची वेबसाइट सुरू केली. तातडीचा फोन नंबर सगळ्यात वर, लाल अक्षरांत. ताई म्हणाली, बरी झालीय. आमच्या घराण्यात याहून जास्त कौतुक कोणी कोणाचं करत नाही.

५ मार्च
ताईचा फोन. एका बाईंना मोबाइलवर नंबर सापडला नाही म्हणे. बाईंना चष्मा लागला असणार. तसं नम्रपणे सुचवलं.

६ मार्च, सकाळी
आणखी एक तक्रार. मग पुरावाच दिला. स्क्रिप्ट लिहून नंबरच्या चौकटीची स्टाइल तपासली: लपवलीय का? उत्तर कोरं. म्हणजे लपवलेली नाही. स्क्रीनशॉट पाठवला. ताईने विचारलं, तू स्वतः मोबाइलवर बघितलंस का? हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या गैरलागू आहे, असं कळवलं.

६ मार्च, संध्याकाळी
संकल्प: उद्या मोबाइलवर बघणे. केवळ ताईच्या समाधानासाठी.

७ मार्च
ऑफिसात मीटिंगा. उद्या नक्की.

९ मार्च, रविवार
काल पाहुणे होते.
आज ताईचा फोन. आवाज शांत. ती ओरडते तेव्हा बरं असतं. एक आजोबा सकाळपासून बंद दवाखान्याच्या पायरीवर टोपली घेऊन बसले होते. टोपलीत मांजरी, अडलेली. साइटवर नंबर दिसला नाही, म्हणून कोणीतरी येईल याची वाट बघत राहिले. ताई काही कामाने तिकडे गेली म्हणून भेट झाली. मांजरी वाचली. पिल्लं नाही.
ताई म्हणाली, "ते माझेच आभार मानत होते रे."
मग मोबाइलवर बघितलं. नंबर नाही.

त्याच दिवशी, दुपारी
नुसतं 'स्टाइल' विचारलं की चौकटीवर थेट लिहिलेलं तेवढंच कळतं. सगळे नियम एकत्र करून ब्राउझर शेवटी काय दाखवतो, ते 'गेट कम्प्युटेड स्टाइल' सांगतं. मोबाइल जोडून तेच विचारलं. उत्तर: 'नन', म्हणजे काहीच दाखवायचं नाही. लपवलेली. छोट्या स्क्रीनवर वरच्या सगळ्या चौकटी लपवायचा नियम मीच लिहिला होता, पान सुटसुटीत दिसावं म्हणून. ऑफिसात नव्या लोकांना हा फरक मी शिकवतो.
ब्राउझरचा गोंधळ झाला, असं ताईला सांगणार होतो. इथेसुद्धा लिहवेना.

१० मार्च
नंबर दिसतो आहे. ताईची माफी मागितली. ती म्हणाली, माझी नको, आजोबांची माग. पत्ता दिला.

११ मार्च
गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. आजोबांनी खुर्ची पुसून दिली. मांजरी खिडकीत झोपली होती. मी डॉक्टरांचा भाऊ, साइट मी केली, एवढं सांगितलं, तर तेच ओशाळले. म्हणाले, "नंबर असणारच हो. मलाच मोबाइल नीट बघता येत नाही. माझ्यामुळे पिल्लं गेली."
मी म्हणालो, "असू द्या. होतं असं."
चहा घेऊन परत आलो.