कागद संपला की पडणारं मशीन

डोंबिवली पूर्व,
९ फेब्रुवारी १९९१

ती. मनुआत्येस,

रघुचा पाया पडून नमस्कार. गुडघे कसे आहेत? खाडीचा वारा अंगावर घेऊ नकोस असं लिहिणार होतो, पण तू ऐकणार नाहीस. बाळकुम इथून तासाभरावर असताना हा मुलगा पत्र कशाला लिहितो, असं म्हणशील. समोर आलो की तू मला बोलू देत नाहीस, म्हणून. (शेजारची कलावती तुला हे वाचून दाखवत असेल, तर हे वाक्य तिने गाळावं.)

नोकरीत कायम झाल्याशिवाय घरात लग्नाचा विषय काढायचा नाही, असं बाबांनी मला बजावलंय. आणि आमच्या बाबुराव साहेबांनी बजावलंय की आपलं मशीन गिऱ्हाइकाकडे सलग आठ दिवस न पडता, म्हणजे मध्येच बंद न पडता, चाललं तर सगळे कायम, नाहीतर सगळे घरी. म्हणजे तुझ्या भाच्याचं लग्न एका कॉम्प्युटरच्या तब्येतीवर अडलंय. आणि ते मशीन दर चौथ्या दिवशी आडवं होत होतं.

साहेबांनी विजेवर खापर फोडून नवा स्टॅबिलायझर आणला. मशीन चौथ्या दिवशी पडलं. मग एसी वाढवला. आम्ही स्वेटर घालून बसलो, मशीन चौथ्या दिवशी पडलं. चांगदेवने (शेजारच्या टेबलावरचा, स्वतःला फार हुशार समजतो) नारळ फोडला, त्याचं पाणी कीबोर्डमध्ये गेलं आणि मशीन तिसऱ्याच दिवशी पडलं. शेवटी कळलं की त्याची मेमरी संपतेय. मशीनच्या पोटात कर्नल नावाचा एक कारभारी प्रोग्राम असतो (फौजेतला नव्हे). ज्या कामाला जागा लागेल त्याला त्याने ती द्यायची, काम झालं की परत घ्यायची. कोणीतरी नेऊन परत देत नव्हतं. पण कोण? हजारो ओळी वाचून डोळे गेले. मी चांगदेववर संशय घेतला, त्याने माझ्यावर, आणि आम्ही एकमेकांच्या डब्याला शिवेनासे झालो.

त्यातच त्या रविवारी मी तुझ्याकडे आलेलो. लग्नकार्याला तू गावाला देतेस त्या गावकीच्या भांड्यांतला एक मोठा टोप जागेवर नव्हता आणि तू शांतपणे सुपारी कातरत होतीस. टोप न्यायचा तर आपल्या घरच्या जुन्या लुगड्याची चिंधी त्या जागेच्या खिळ्याला बांधून जायची, म्हणजे टोप कोणाकडे ते कळतं, हा तुझा कायदा मी लहानपणापासून बघतोय. पण माझं डोकं त्या दिवशी पहिल्यांदा चाललं. वर तू म्हणालीस, "जल्ला, ज्या घरान भांडान झाला, त्या घरान पयले बघ." खरंच आहे. लग्न नीट पार पडलं की भांडी घासूनपुसून परत येतात. मानपानावरून वाजलं की वऱ्हाड उठून जातं आणि टोप परसात तसाच राहतो.

सोमवारी मी कर्नलला तुझाच कायदा लावला. जो मेमरी नेईल, त्याने आपलं नाव त्या जागी ठेवून जायचं. दोन दिवसांनी यादी काढली (मंदाकिनीने काढली, ती आमच्याकडे मशीन तपासते), तर निम्मी मेमरी प्रिंटरच्या प्रोग्रामने दाबलेली! छपाई नीट झाली की तो निमूट परत करायचा. पण छापता छापता कागद संपला, की 'कागद नाही' अशी बोंब मारून अर्ध्यावर उठून जायचा, घेतलेलं तिथेच टाकून. दुरुस्ती दोन ओळींची निघाली. आज मशीनचा सातवा दिवस आहे. मला फार आनंद झालाय, आत्ये.

तुझा,
रघु

ता. क. प्रिंटरचा तो प्रोग्राम कोणी लिहिलेला, ते वर सांगायचं राहिलं. मीच. चांगदेवची माफी मागितली. त्याने माझ्या डब्यातली सुकटीची चटणी संपवून मला माफ केलं.

ता. क. दुसरा. ती यादी मंदाकिनीने सर्वांत आधी पाहिली. साहेबांकडे न जाता ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तूच सांग त्यांना. मी येते बरोबर." आली. जिन्यातून उतरताना मी तिला लग्नाचं विचारलं, आणि ती हो म्हणाली. ती आपल्यातली नाही, तिच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. बाबा तुझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. उद्याचा आठवा दिवस पार पडला, की तू त्यांच्याशी बोल.

ता. क. शेवटचा. मशीन पडलं, तरी बोल.