वाळूवरचा सडा

जैसलमेर

माय, तुझ्या पायावर डोकं ठेवून शिवकन्या लिहून राहिली.

आमचं दोघांचं बरं चाललंय. सोलरच्या कामावर ह्यांचा जम बसला. ऊन लई हाय, पण घर थंड ऱ्हातं. तू काळजी करू नको.

एक गोष्ट फोनवर सांगवली न्हाई. इथं आल्यावर पहिल्याच सकाळी तू शिकवल्यावाणी दारात सडा टाकला. घागरभर पाणी वाळू तवाच पिऊन बसली. शेजारची म्हातारी धावत आली. "गिर गया, बेटी?" तिला वाटलं, घागर लवंडली. मी काही बोलायच्या आत तिनं आपल्या माठातलं अर्धं पाणी माझ्या घागरीत ओतलं. मुद्दाम सांडलं, हे मला तिला सांगताच आलं न्हाई.

आता नुसतं कोरडं झाडते. रांगोळी काढली तर वारं नेतं.

म्हातारी म्हणते, तिच्या लहानपणी इथंबी गवत व्हतं, शेळ्या दिसत नव्हत्या एवढं.

आपल्या शिरड गावातला हापसा कसा हाय? दीपमाला वहिनी म्हणत व्हती, नुसती हवा टाकून राहिला. माय, तू रोज सडा टाकतीस न्हवं? सोडला असंल, तर मला कळवू नको.

तुझी लेक,
शिवकन्या